सात दाखले, एक उगम : ठाण्यातील एका ज्ञानकोशाचे प्रकरण

ठाणे शहर आणि आसपासचा परिसर यांविषयीची पडताळलेली माहिती मराठीतून, एका ठिकाणी आणि विनामूल्य वाचायला मिळावी, या हेतूने नौपाड्यातील आम्ही काही मंडळींनी आंतरजालावर एक छोटा ज्ञानकोश सुरू केला. गटात एक निवृत्त ग्रंथपाल बाई, इतिहास शिकवणाऱ्या दोन अध्यापिका, नगरभूमापनाच्या कामात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ, तांत्रिक बाजू सांभाळणारा एक तरुण अभियंता आणि जिची नोकरी मुद्रितशोधनात गेली अशी मी, एवढेच नियमित होतो. बाकीचे सवडीप्रमाणे येत. या ज्ञानकोशातील एका नोंदीवर आलेला आक्षेप आणि त्यातून बदललेली आमची कामाची पद्धत, हा या प्रकरणाचा विषय आहे. आक्षेप एकाच वाक्यावर होता, आणि त्या वाक्याला सात संदर्भ जोडलेले होते.

नोंद होती १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या आगगाडीची. ठाण्याचा ज्ञानकोश काढायचा आणि ही नोंद नसायची, हे होणे नाही. त्यामुळे ती अगदी आरंभी, उत्साहाच्या भरात लिहिली गेली. त्या वेळी आमचा नियम असा होता की प्रत्येक नोंदीला किमान दोन संदर्भ असावेत, लेखकाखेरीज आणखी दोघांनी ती वाचावी आणि त्यांची हरकत नसेल तर नोंदीच्या माथ्यावर ‘पडताळलेली नोंद’ असा हिरवा शिक्का उमटावा. आगगाडीच्या नोंदीवर हा शिक्का पहिल्याच आठवड्यात उमटला. तिच्यात चौदा डबे होते, सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे होते, २१ मैलांचे म्हणजे साधारण ३४ किलोमीटरचे अंतर होते, आणि ‘भारतातील ही पहिली आगगाडी हे अंतर ५७ मिनिटांत कापून ठाण्यास पोहोचली’ असे एक वाक्य होते.

काही महिन्यांनी कळव्यातील एका वाचकाचे पत्र आले. हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले असून पत्राची भाषा कार्यालयीन टिपणीसारखी मोजकी होती. त्यांनी लिहिले होते की त्यांच्या संग्रहातील एका लेखात याच प्रवासाला सव्वा तास लागल्याचे म्हटले आहे. आपण ५७ मिनिटे लिहिता. आपण सात संदर्भ दिले आहेत, त्यांपैकी अस्सल कोणता, ते कळवावे. पत्रात तक्रारीचा सूर नव्हता, मात्र ‘अस्सल’ या शब्दाखाली रेघ ओढलेली होती.

पहिल्या बैठकीत या पत्राकडे आम्ही पुरेशा गांभीर्याने पाहिले नाही, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. सात विरुद्ध एक असा हिशेब मनात होता. ग्रंथपाल बाई मात्र म्हणाल्या, “सात माणसांनी एकाच माणसाचे ऐकून सांगितले असेल, तर साक्षीदार एकच धरावा लागतो.” मग सातही संदर्भ एकेक करून उघडायचे ठरले. ते आजवर सगळेच्या सगळे कोणीही उघडून पाहिलेले नव्हते, ही गोष्ट त्याच दिवशी बाहेर आली. नोंद लिहिणाऱ्याने ते जोडले होते. वाचणाऱ्या दोघांनी, म्हणजे एका अध्यापिकेने आणि मी, ‘संदर्भ आहेत’ एवढे पाहून पुढे सरकण्याचा प्रमाद केला होता. हयातभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्यावर ही चूक माझ्या वाट्याला यावी, याचे मला अजून नवल वाटते.

उघडल्यावर जे दिसले ते असे. सातांपैकी चार संदर्भ वर्तमानपत्रांतील, १६ एप्रिलच्या निमित्ताने वेगवेगळ्या वर्षी छापलेले वर्धापनदिनाचे मजकूर होते, आणि त्यांतील तिघांची वाक्ये एकमेकांशी इतकी जुळत होती की एकाने दुसऱ्याचे उचलले आहे हे सांगायला पुराव्याची गरज नव्हती. पाचवा संदर्भ एका हौशी संकेतस्थळाचा होता आणि त्याने आपला आधार म्हणून एका मुक्त ज्ञानकोशाचे पान दाखवले होते. त्या पानावर गेलो, तर त्याचा आधार आमच्याच यादीतील चार मजकुरांपैकी एक निघाला. सहावा दुवा मेलेला होता. सातवी एक स्मरणिका होती आणि तिच्यात आधाराचा उल्लेखच नव्हता. सात दाखल्यांच्या मुळाशी फार तर एक, तोही अज्ञात, उगम होता.

असे चक्र तयार होणे ही आंतरजालाची जुनी व्याधी आहे. एखादे विधान ज्ञानकोशात विनाआधार शिरते, घाईत असलेला पत्रकार ते तेथून घेतो, आणि पुढे कोणीतरी त्याच बातमीचा दुवा ज्ञानकोशातील विधानाला आधार म्हणून जोडतो. चक्र पूर्ण झाले की विधान वरकरणी पूर्णपणे साधार दिसू लागते. इंग्रजीत या प्रकाराला रँडल मन्रो या व्यंगचित्रकाराने २०११ मध्ये एक गमतीदार जोडशब्दही दिला. मराठीत मात्र यासाठी नवा शब्द घडवण्याची मला गरज वाटत नाही, कारण ‘सांगोवांगी’ हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो नेमका आहे.

बखर आणि कागद

पत्रातील ‘अस्सल’ हा शब्द मला मुद्दाम वापरलेला वाटला, कारण त्याला मराठी इतिहासलेखनात एक वजन आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून जुने कागद गोळा केले आणि बखरींपेक्षा समकालीन पत्रांना प्रमाण मानण्याचा आग्रह धरला. बखर ही बहुधा घटनेनंतर बऱ्याच काळाने, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणि कोणाच्या तरी गौरवासाठी लिहिली जाते. पत्र त्या दिवसाच्या गरजेपोटी लिहिले जाते आणि लिहिणाऱ्याला पुढच्या शतकातील वाचकाची फिकीर नसते. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली तीही या आग्रहातूनच. वर्धापनदिनाचा वर्तमानपत्री मजकूर ही आजची बखर आहे, असे मी बैठकीत म्हणाले, आणि ते विधान जरा जास्तच ठसठशीत झाले हे मला मान्य आहे. पण आमच्या यादीतील चारही मजकुरांना ते लागू होते.

मराठीला कोशरचनेची परंपराही कमी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी कंपनी काढून, वर्गणीदार जमवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात पुरे केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढे तो वीस खंडांपर्यंत गेला. या कोशांवर वाचक विश्वास ठेवत, त्याचा पाया संपादकाचे आणि लेखकाचे नाव हा होता. नोंदीखाली लेखकाचे नाव असे, तो त्या विषयातला जाणकार असे, आणि चूक निघाली तर ती कोणाच्या माथी जाते हे सर्वांना ठाऊक असे. आमच्याकडे असे नाव कोणाचेच नव्हते. हिरवा शिक्का हा त्या नावाचा उसना अवतार होता, आणि त्यामागे माणूस नव्हता.

विश्वासाचा दुसरा पाया विकिपीडियाने घातला. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत आणि १ मे २००३ रोजी मराठीत सुरू झालेल्या या ज्ञानकोशात लेखकाच्या नावाला महत्त्व नाही. प्रत्येक विधानाला वाचकाला तपासता येईल असा आधार असावा, लेखकाने स्वतःचे संशोधन त्यात घालू नये आणि प्रत्येक बदलाचा इतिहास उघडा राहावा, या अपेक्षांवर तो उभा आहे. २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदींची तज्ज्ञांकडून तुलना करून घेतली, तेव्हा विकिपीडियाच्या एका नोंदीत सरासरी चार आणि ब्रिटानिकाच्या नोंदीत तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने त्या तुलनेच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतला होता, हेही सांगितले पाहिजे. पण त्याच २००५ साली एका वयोवृद्ध अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणीतरी थट्टेने घातलेला, खुनाच्या कटाशी त्यांचे नाव जोडणारा धादांत खोटा मजकूर चार महिने कोणाच्या लक्षात आला नव्हता. सरासरी कितीही चांगली असली तरी ज्याच्यावर बेतते त्याला सरासरीचा काय उपयोग?

५७ मिनिटे की सव्वा तास

आता मूळ वादाकडे येऊ. दोन्ही आकडे छापील मजकुरांत सर्रास आढळतात. ३४ किलोमीटर ५७ मिनिटांत म्हणजे ताशी सुमारे ३६ किलोमीटर, आणि ७५ मिनिटांत म्हणजे ताशी सुमारे २७. वाफेच्या तीन इंजिनांनी ओढलेल्या चौदा डब्यांच्या गाडीला यांपैकी कोणताही वेग अशक्य नाही, त्यामुळे गणिताने निकाल लागत नाही. ५७ मिनिटांचा आकडा अधिक का पसरला असावा, याचे एक मानवी कारण मात्र सहज दिसते. आजची धीमी लोकलही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून ठाण्याला साधारण तासभर घेते. तेव्हा ‘तेव्हाही तेवढाच वेळ, आजही तेवढाच’ असा चटपटीत मथळा ५७ मिनिटांतून निघतो, सव्वा तासातून निघत नाही.

याच सुमारास अभियंत्याने एक देखणा तोडगा मांडला. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते. गाडी वाटेत पाण्यासाठी थांबली असणार. तेव्हा ५७ मिनिटे हा प्रत्यक्ष धावण्याचा वेळ आणि सव्वा तास हा थांब्यासह एकूण वेळ धरला तर दोन्ही आकडे खरे ठरतात. तोडगा इतका पटण्याजोगा होता की बैठकीत क्षणभर सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. अध्यापिकांपैकी एक तर तो तेथल्या तेथे नोंदीत लिहायला बसली. नगरभूमापनवाल्या गृहस्थांनी तिला थांबवले. त्यांचे म्हणणे असे की हद्दीच्या तंट्यात दोन मोजण्या जुळल्या नाहीत, तर दोघांच्या मधून रेघ मारणारा मोजणीदार दोन्ही पक्षांना आवडतो, पण ती रेघ कोणत्याच नकाशात नसते.

हा या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत शिकण्याजोगा क्षण होता. पटण्याजोगे असणे आणि पडताळलेले असणे यांत जे अंतर आहे, ते चुकीच्या विधानांपेक्षा बरोबर वाटणाऱ्या विधानांतच अधिक धोक्याचे असते, कारण चुकीच्याला कोणीतरी हरकत घेतो, पटणाऱ्याला कोणी घेत नाही. तो तोडगा आम्ही लिहिला असता तर दोन वर्षांत तो चार मजकुरांत आला असता, आणि पाचव्या वर्षी आम्हीच त्यांचे दुवे जोडले असते. अभियंत्याचा अंदाज उद्या खराही ठरेल. पण तो कोणत्याही साधनात लिहिलेला दिसेपर्यंत तो आमच्या चर्चेच्या पानावर राहील, नोंदीत येणार नाही, असे ठरले. त्याने ते खेळीमेळीने घेतले, मात्र पुढच्या दोन बैठकींना तो आला नाही.

‘पहिली आगगाडी’ या शब्दांचा निवाडा त्या मानाने सोपा होता, पण मनस्ताप त्यानेच जास्त दिला. मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्ये रस्त्यासाठीचा दगड वाहून नेणारी रेल्वे होती, आणि रुडकी येथे सोलानी नदीवरील कालव्याच्या बांधकामात १८५१ मध्ये वाफेचे इंजिन माती वाहत होते. ठाण्याला आलेली गाडी ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी होय, आणि तो मान निर्विवाद आहे. ‘प्रवासी’ हा एक शब्द घातला की वाक्य खरे होते. तरीही एका सभासदाने ‘ठाण्याचा मान आपणच कमी करतो आहोत’ अशी तक्रार केली आणि तिचे समाधान करण्यात एक आख्खी संध्याकाळ गेली. स्थानिक कोशाला ही अडचण कायमची आहे: लिहिणारे आणि वाचणारे त्याच गावचे असतात, आणि गावाविषयीच्या प्रेमानेच ते या कामाला आलेले असतात.

वेळेच्या बाबतीत एक आनुषंगिक गोष्टही हाती लागली. गाडी दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटली असे सगळे लिहितात. पण १८५३ मध्ये भारतीय प्रमाणवेळ अस्तित्वात नव्हती, ती १९०६ मध्ये आली. मुंबईची स्थानिक वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबईने ती कितीतरी वर्षे सोडली नाही. म्हणजे ते साडेतीन आजच्या घड्याळात चार वाजून नऊ मिनिटे होत. वादाशी याचा संबंध नाही, परंतु ‘खात्रीचा’ वाटणारा आकडासुद्धा कोणत्या घड्याळाचा, हे विचारावे लागते.

शिक्का कोणावर मारायचा

आगगाडीच्या निमित्ताने आम्ही जुन्या सगळ्या हिरव्या नोंदी पुन्हा उघडल्या, आणि आणखी एक प्रकार सापडला. कौपिनेश्वर मंदिराच्या नोंदीला एका नव्या सभासदाने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, खंड १५ असा, पृष्ठांकासह संदर्भ दिला होता. ग्रंथपाल बाईंनी तो पाहताक्षणी चष्मा काढून ठेवला. ठाणे जिल्ह्याचे खंड १३ आणि १४. दोन्ही १८८२ चे, आणि शहरे-स्थळांची वर्णने चौदाव्यात. पंधरावा खंड कानडा जिल्ह्याचा. विचारणा केली तेव्हा कळले की मसुदा संवाद साधणाऱ्या एका संगणकीय प्रणालीकडून लिहून घेतलेला होता, आणि तिने मजकुराबरोबर संदर्भही ‘तयार’ करून दिला होता. मजकूर वाचायला सफाईदार होता, व्याकरण निर्दोष होते; नव्या सभासदाचा हेतूही वाईट नव्हता. पूर्वी खोटा संदर्भ द्यायला निदान खोटे बोलण्याची इच्छा लागत असे. आता तीही लागत नाही, आणि म्हणून संदर्भाचे पान स्वतः उघडून पाहिल्याखेरीज तो मोजायचा नाही, हा नियम आम्ही त्या दिवशी लिहून काढला.

नियम लिहिणे सोपे होते, पण तो पाळायला लागताच काम ठप्प झाले. एका मध्यम नोंदीत पंचवीस-तीस विधाने असतात. प्रत्येकाचे मूळ पाहायचे तर एका नोंदीला कित्येक आठवडे लागू लागले, आणि सवडीने येणारी मंडळी हळूहळू येईनाशी झाली. हा अनुभव नवा नव्हता. विकिपीडियाच्या आधी, २००० मध्ये, त्याच चालकांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश काढला होता. त्यात प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात टप्प्यांतून जाई, आणि २००३ मध्ये तो बंद पडला तेव्हा पूर्ण झालेले लेख अवघे पंचवीसच्या घरात होते. त्याची चाळणी निर्दोष होती, पण तिच्यातून पीठ पडत नव्हते.

या कोंडीतून वाट दाखवली ती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्या नोंदीने. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील पंढरपूर येथील खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी त्र्यंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहात, कैदेत ठेवले, आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते तेथून निसटले. एवढा भाग भक्कम आहे. पण ही नोंद लोक वाचतात ती पुढच्या गोष्टीसाठी: किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोड्याची निगा करता करता गाणी म्हणत असे, आणि त्या गाण्यांतून कैद्याला सुटकेचा बेत कळत असे. ही गोष्ट कलकत्त्याचे बिशप हेबर यांच्या प्रवासवर्णनात येते, आणि हेबर या भागात आले १८२५ मध्ये, म्हणजे सुटकेनंतर नऊ वर्षांनी. गोष्ट खोटी आहे असे म्हणायला आधार नाही. पण निसटण्याच्या घटनेला जो दर्जा आहे तो गाण्यांना देता येत नाही. एकाच नोंदीत, एकापाठोपाठच्या दोन वाक्यांचे वजन वेगवेगळे होते, आणि आमचा हिरवा शिक्का मात्र दोघांवर सारखाच पसरलेला होता.

चूक नेमकी कोठे होती ते येथे उमगले. आम्ही नोंदीला पडताळत होतो. पडताळायला हवे होते विधानाला. नोंद ही वाचकाच्या सोयीसाठी बांधलेली मोट असते, आणि मोटीला खरेखोटेपण नसते, तिच्यातल्या एकेका काडीला असते. म्हणून माथ्यावरचा शिक्का काढून टाकला आणि प्रत्येक विधानाच्या शेवटी एक लहान खूण ठेवण्याचे ठरले. ‘अस्सल पाहिला’ म्हणजे समकालीन किंवा मूळ साधनाचे पान आमच्यापैकी कोणीतरी स्वतः पाहिले आहे आणि त्याचे नाव व तारीख खुणेमागे नोंदलेली आहे. ‘नक्कल पाहिली’ म्हणजे ज्याने अस्सल पाहिल्याचे म्हटले आहे अशा जबाबदार लेखनापर्यंत आम्ही पोहोचलो आहोत. ‘सांगोवांगी’ म्हणजे विधान प्रचलित आहे, पण त्याचा माग तुटला आहे. विधान पुसायचे नाही. त्याला त्याच्या जागी बसवायचे. यामुळे नोंद अपुऱ्या पडताळणीनिशीही प्रसिद्ध करता येऊ लागली, कारण अपुरेपणा आता लपत नव्हता. काम पुन्हा हलले. सवडीने येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही एखादेच विधान उचलून तडीस नेण्याचे समाधान मिळू लागले, आणि अभियंताही परतला, तो या खुणा दर्शवणारी व्यवस्था बांधण्याच्या कामासाठी.

या पद्धतीचे वाभाडे काढणारी एक अडचण लगेच पुढे आली, तीही सांगितली पाहिजे. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, रायलादेवी, आंबेघोसाळे ही नावे शहरात सर्वांच्या तोंडी आहेत, आणि ‘एके काळी साठ तलाव होते’ हे वाक्यही. बुजवल्या गेलेल्या एका तळ्याविषयी जुन्या वस्तीतील एका आजींनी आम्हाला सविस्तर सांगितले: कोणत्या बाजूला उतार होता, गुरे कोठे पाणी पीत, गणपती कोठे बुडवत. कागदावर मात्र काहीच हाती लागले नाही. आमच्या खुणांप्रमाणे हे सारे ‘सांगोवांगी’ ठरत होते, आणि ते उघड अन्यायाचे होते, कारण आजींनी कोणाचे ऐकून सांगितले नव्हते, स्वतः पाहिलेले सांगितले होते. राजवाड्यांच्या कसोटीने पाहिले तरी त्या समकालीन साक्षीदार ठरतात. त्यांचे फक्त कागदात रूपांतर झालेले नाही. तेव्हा ‘प्रत्यक्ष सांगितले’ अशी चौथी खूण काढावी लागली. सांगणाऱ्याची संमती घेऊन ध्वनिमुद्रण जतन करायचे, तारीख लिहायची, आणि त्यांनी न पाहिलेला भाग, म्हणजे एकूण साठ तलावांचा आकडा, त्या खुणेत मिसळू द्यायचा नाही. आजींना साठाचा आकडा विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, “तो तुम्ही लोक सांगता, मी नाही.”

तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात. मेलेल्या दुव्याचा धडा घेऊन प्रत्येक आंतरजालीय संदर्भाची प्रत आंतरजालीय संग्रहात साठवूनच तो जोडला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा तत्त्वज्ञानकोश दर तीन महिन्यांनी आपली एक स्थिर आवृत्ती जतन करतो, म्हणजे उद्धृत करणाऱ्याला ‘त्या दिवशी नोंद अशी होती’ हे दाखवता येते. आम्ही ती पद्धत लहान प्रमाणावर उचलली. मूळ पानाचे छायाचित्र वाचकाला दाखवण्याच्या बाबतीत भारतीय कायदा आड येतो तसा मदतही करतो: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे १८८२ चे गॅझेटियर किंवा १८५३ चे वर्तमानपत्र आम्ही पानासह दाखवू शकतो, पण अलीकडचा लेख केवळ संदर्भ देऊनच सोडावा लागतो. त्यामुळे जुने विधान तपासणे वाचकाला सोपे आणि नवे तपासणे अवघड, अशी काहीशी उलटी स्थिती झाली आहे.

आगगाडीच्या नोंदीतील ते वाक्य आज तीन वाक्यांत फुटले आहे. पहिले तारखेचे आणि ‘प्रवासी’ या शब्दासह पहिलेपणाचे, त्यावर ‘नक्कल पाहिली’ ही खूण आहे. दुसरे असे: या प्रवासास ५७ मिनिटे लागल्याचे काही लेखनात आणि सव्वा तास लागल्याचे काही लेखनात म्हटले आहे. त्यावर ‘सांगोवांगी’ आहे, आणि ती खूण दाबली की सात संदर्भांचा माग कोठे कोठे जाऊन तुटला, हे आमच्या चुकीसह दिसते. तिसऱ्या वाक्यात मार्ग पुढील वर्षी, १८५४ मध्ये, खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला, एवढेच आहे.

कळव्याच्या वाचकांना आम्ही उत्तर लिहिले की अस्सल अद्याप आमच्या पाहण्यात नाही, आणि त्या काळी मुंबईहून निघणाऱ्या वर्तमानपत्रांत, विशेषतः १८३८ पासून चालू असलेल्या ‘बॉम्बे टाइम्स’च्या त्या आठवड्याच्या अंकांत तो शोधायचा आहे. त्यांचे उलट टपाली उत्तर आले: “गुरुवारी मला सवड असते. वाचनालयात बसायला चालेल. डोळे ठीक आहेत.” नियमित सभासदांच्या यादीत आता त्यांचेही नाव आहे, आणि खुणेमागच्या ‘कोणी पाहिले’ या रकान्यात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह.